तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी उलव्याचा फ्लॅट विकावा का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात कोलशेत रोडला राहतो. माझं वय ५१, नोकरी महापे एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत. पत्नी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका, तिला पेन्शन नाही. एकुलत्या एक मुलीने बारावी आर्ट्स चांगल्या मार्कांनी केली. तिला धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र या एकत्रित विषयाची तीन वर्षांची पदवी इंग्लंडमध्ये करायची आहे. लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाची ऑफर आली आहे. फी वर्षाला २४,००० पौंड, राहण्या-खाण्याचे १२,०००. उलव्याचा वन बीएचके (आजची किंमत साधारण ६० लाख, भाडं १४,०००) विकायचा, म्युच्युअल फंडातले ३८ लाख काढायचे आणि उरलेल्यासाठी ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं, असा विचार आहे. पीएफमध्ये ४६ लाख आहेत. राहत्या घराचं १९ लाख कर्ज बाकी आहे. नातेवाईक म्हणतात, असल्या विषयावर एवढा पैसा घालू नका. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : नातेवाइकांचं म्हणणं आधी बाजूला ठेवू या. विषय वाईट आहे म्हणून पैसे घालू नका, असं मी म्हणणार नाही. अठराव्या वर्षी एखाद्या मुलीला माणसं श्रद्धा का ठेवतात, योग्य-अयोग्य कशावरून ठरवतात, असे प्रश्न पडत असतील आणि ते नीट शिकायची तिची तयारी असेल, तर त्या घराने तिच्या पाठीशी उभं राहावं. माझा आक्षेप आहे तो पैसे कोणत्या टप्प्यावर खर्च होणार याला.

आधी आकडे. ३६,००० पौंड, पौंड ११५ रुपये धरला तर वर्षाला ४१ लाख ४० हजार. तीन वर्षांचे सव्वा कोटी, असं तुम्ही धरलं असणार. पण २०१६-१७ मध्ये पौंड ८५ रुपयांच्या आसपास होता, आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी दरवर्षी वाढते. खर्च दरसाल ४ टक्के आणि पौंड ४ टक्के वाढला, तरी तीन वर्षांचे १ कोटी ३४ लाख होतात. त्यात व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार (विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड), विमानाची तिकिटं आणि सुरुवातीची खरेदी मिळवा. तुम्ही जमवलेले १ कोटी ३८ लाख शेवटच्या रुपयापर्यंत संपतील. मधेच आजारपण आलं किंवा नोकरीत काही झालं, तर हात घालायला पीएफच उरतो.

कर्जाचं गणित मला जास्त खटकतं. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता सुमारे ५४,००० रुपये. शिक्षणाच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळालं तर त्याहून जास्त. अभ्यासक्रम संपून वर्षाने, म्हणजे तुमच्या ५५व्या वर्षी, तो सुरू होईल आणि ६५व्या वर्षी संपेल. तुम्ही साठाव्या वर्षी निवृत्त झालात तर शेवटची पाच वर्षं हप्ता भरायचा कोणी? तुमच्या मुलीने. आणि इथेच हा विषय इतरांपेक्षा वेगळा ठरतो.

इंजिनीअर किंवा सीए शिक्षण संपलं की कमवायला लागतो. तत्त्वज्ञान आणि धर्माच्या अभ्यासात बीए ही पहिली पायरी असते. पुढे एमए, नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा), बहुधा पीएचडी. कमाई सुरू होते ती तिशीच्या जवळ. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी विद्यावृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. संशोधन करणाऱ्या मुलीला एकटीला जगायला ते पुरेसे आहेत. पण ५४,००० चा हप्ता डोक्यावर असेल तर ती ही वाट धरूच शकणार नाही. मिळेल ती नोकरी पकडेल, आणि ज्यासाठी घर विकलं तो विषय सुटेल. उशिरा कमाई देणाऱ्या विषयाला कर्ज लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. या विषयांत परदेशी शिकायला मदत करणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी असतात. फेलिक्स शिष्यवृत्ती इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांतल्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मिळते, आणि भारताबाहेर वर्षभर किंवा त्याहून जास्त शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्याला ती मिळत नाही. इनलॅक्स शिष्यवृत्तीही पदवीनंतरच. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती तशीच. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या एमएला आहे, त्याआधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत या विषयांच्या पीएचडीला बहुधा फीमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतं. थोडक्यात, बीएला स्वतःचे सव्वा कोटी घालून तुम्ही मदतीची काही दारं स्वतःहून बंद करता. बीए इथे करून एमएला गेलात तर तीच दारं उघडी राहतात. शिवाय इंग्लंडमध्ये एमए सहसा एका वर्षाचं असतं.

यात तिचं नुकसान काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. धर्माचा अभ्यास कुठल्याही एका श्रद्धेच्या आतून न करता, सगळ्या धर्मांकडे सारख्या नजरेने पाहून करायचा, ही शाखा ब्रिटनमध्ये नीट रुजली. निनियन स्मार्ट या अभ्यासकांनी १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात असा विभाग उभा केला. आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे विभाग जुने आहेत, पण धर्माच्या अशा अभ्यासाचे फार थोडे. तिथे मिळणारी छोट्या गटांतली चर्चा, दर आठवड्याला निबंध लिहायची सवय इथे तिला स्वतः जमवावी लागेल.

ती जमवता येते. माटुंग्याच्या रुईयात तत्त्वज्ञानाचा विभाग आहे. ठाण्याहून स्लो लोकलने रोज जाता येईल. यंदा हा विषय मेजर (मुख्य विषय) म्हणून मिळतो का, एवढं प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा. मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कालिन्याला आहे, पाली विभागही तिथेच आहे. विद्याविहारला सोमय्यांची धर्म अभ्यासाची संस्था आहे. तिला मी एकच सांगेन : या तीन वर्षांत एक प्राचीन भाषा आणि एक युरोपीय भाषा शीक. संस्कृत किंवा पाली, आणि जर्मन. मूळ ग्रंथ मुळातून वाचणारी विद्यार्थिनी एमएच्या अर्जात उठून दिसते, आणि या भाषा इंग्लंडपेक्षा मुंबईत स्वस्तात शिकता येतात. फी, पुस्तकं, प्रवास, भाषेचे क्लास, उन्हाळ्यातला एखादा छोटा कोर्स असं सगळं धरून वर्षाला तीन लाख ठेवा. अनुदानित कॉलेजची फी त्यात अगदी थोडी असेल.

पोटापाण्याचं म्हणाल तर पर्याय अगदीच कमी नाहीत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, आणि तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतं. औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांवर डॉक्टरांबरोबर तत्त्वज्ञ किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासकही घेता येतो, तशी नियमांत तरतूद आहे. ती पूर्णवेळ नोकरी नव्हे, पण या शिक्षणाला रुग्णालयांत आणि संशोधनात जागा आहे हे त्यावरून कळतं.

पैशांचं असं करा. म्युच्युअल फंडातले ३८ लाख इक्विटीतून टप्प्याटप्प्याने, वर्षभरात, अल्पमुदतीच्या डेट फंडात आणि एफडीत आणा. तीन वर्षांनी लागणारा पैसा बाजाराच्या चढउतारावर सोडू नका. त्यात महिना २५,००० घाला. तुमच्या पगारांतून ते जमावेत. सात टक्के धरले तर तीन वर्षांनी साधारण ५६ लाख होतात, कर वजा जाता थोडे कमी. वरच्याच दराने वाढ धरली तर तेव्हा इंग्लंडमधल्या एका वर्षाला ५२ लाख लागतील. शिष्यवृत्ती एकही मिळाली नाही तरी एमए होतं. मिळाली तर त्यातले बरेच पैसे पीएचडीच्या अडचणीच्या वर्षांसाठी राहतील.

उलव्याच्या फ्लॅटला आत्ता हात लावू नका. गुंतवणूक म्हणून तो फार चांगला आहे असं नाही. वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार, म्हणजे २.८ टक्के. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे भाव आता दुप्पट होईल असंही धरू नका. विमानतळ येणार हे घेणाऱ्यांना कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. पण तुमच्या पत्नीला पेन्शन नाही, आणि तुमच्या दोघांच्या म्हातारपणाला पीएफनंतर तोच आधार आहे. पुढे कधी विकलात तर जुलै २०२४ पूर्वीची खरेदी असल्यास १२.५ टक्के कर आणि निर्देशांकासह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के कर, दोन्ही काढून पाहा, जो कमी असेल तो भरा. मात्र आलेले पैसे मुलीच्या फीला घातले म्हणून करात सूट मिळत नाही.

माझं मत एका बाबतीत बदलेल. त्याच विद्यापीठाने तिन्ही वर्षांसाठी फीच्या निम्म्याहून जास्त सवलत लेखी दिली, तर नवीन आकड्यांवर परत बोलू. पहिल्या वर्षापुरती दोन-तीन हजार पौंडांची सूट म्हणजे ती नव्हे. ऑफर पक्की करायला भरायची रक्कम बहुधा परत मिळत नाही. म्हणून आधी त्यांच्या प्रवेश विभागाला दोन गोष्टी ईमेलवर विचारा : शिष्यवृत्तीचं अंतिम उत्तर कधी मिळेल, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का. ईमेल मुलीलाच लिहू द्या, आणि हे सगळे आकडे तिच्यासमोर मांडून, तिला विचारून, मगच रुईयाचा फॉर्म भरा.