आधी काटा, मग हायवे

डिसेंबर उजाडला की मेलबर्नहून पूर्वेला, गिप्सलँडच्या तळ्यांकडे, कॅरावॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आणि बोटींची रीघ लागते. अलीकडे त्या रांगेत आपली मराठी कुटुंबंही दिसतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. मी सेल गावाजवळच्या एका ट्रेलर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. सुट्टीच्या दिवसांत प्रिन्सेस हायवेच्या कडेला अडकलेले ट्रेलर आमच्याच दारात येतात, म्हणून संपादकांनी या महिन्याचे वाचकांचे प्रश्न माझ्याकडे धाडले. त्यातले काही निवडून उत्तरं देते आहे.

ताई, आम्ही वापरलेली वीस फुटी कॅरावॅन घेतली. पहिल्याच फेरीत ताशी ९५च्या वेगात होतो, शेजारून मोठा ट्रक गेला आणि कॅरावॅन डावी-उजवीकडे डुलायला लागली. नवऱ्याने ब्रेक दाबला तर आणखीच डुलली. कसेबसे थांबलो. जानेवारीत मुलांना घेऊन लेक्स एन्ट्रन्सला जायचंय. आता मोठी गाडी घ्यावी लागेल का? (टार्नेट)

गाडी बदलण्याआधी कॅरावॅनचं दार उघडा आणि कुठे काय ठेवलंय ते बघा. माझी पैज आहे, मागच्या बंपरवर सायकली असतील, दुसरी स्टेपनी असेल आणि मागच्या कपाटात डबाबंद धान्य, नाहीतर हत्यारांची पेटी असेल.

मी शिरोळ तालुक्यातली. वडील ट्रॅक्टरने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यावर न्यायचे. मागची ट्रॉली शेपटासारखी हलते हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण ट्रॅक्टर रांगत जातो, त्यामुळे ते हलणं जागच्या जागी जिरतं. ताशी ९५ला ते जिरत नाही, प्रत्येक झोक्याबरोबर वाढत जातं. प्रत्येक ट्रेलरचा एक वेग ठरलेला असतो. त्याच्या खाली धक्का बसला तर डुलणं आपोआप शांत होतं, त्याच्या वर गेलात की तेच डुलणं मोठं होत जातं. तो वेग किती, हे बरंचसं तुम्ही सामान कसं भरलंय त्यावर ठरतं. ट्रकच्या वाऱ्याने फक्त पहिला धक्का दिला.

ऑस्ट्रेलियात साधारण हिशेब असा धरतात की, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात त्यावर, यावा. २००० किलोची कॅरावॅन असेल तर २०० किलो. सायकली आणि पेट्या मागे लादल्या की चाकांच्या मागची बाजू जड होते, पुढचा दांडा उचलला जातो आणि बॉलवर जेमतेम शंभर किलो उरतात. मग ती डुलणार नाही तर काय होणार? जड सामान चाकांच्या बरोबर वर आणि जमिनीलगत ठेवा. हलकं सामान, म्हणजे कपडे, उश्या, चिप्सची पाकिटं, वरच्या कपाटांत जाऊ द्या. मागचं टोक मोकळं ठेवा. सगळं जड सामान पार पुढच्या टोकाला कोंबणं हाही उपाय नव्हे. बॉलवर जास्त भार आला की गाडीची मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. पाण्याच्या टाक्याही विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो झाले. त्या टाक्या चाकांच्या पुढे आहेत की मागे, हे वाकून बघा. कॅम्पमध्ये नळ असेल तर घरून पाणी भरून नेण्यात काहीच अर्थ नाही.

पुन्हा डुललीच तर काय करायचं, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा; त्या क्षणी वाचायला वेळ नसतो. स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्याच्या उलट फिरवायचं नाही. एक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, कारण पुढची गाडी मंदावते आणि मागचे दोन टन तिला ढकलत राहतात. त्या दिवशी नेमकं तेच झालं. डॅशबोर्डखाली इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल, तर त्याचं हाताने दाबायचं बटण किंवा पट्टी असते. ती दाबली की फक्त कॅरावॅनचे ब्रेक लागतात, ती मागून ताणली जाते आणि सरळ होते. हे बटण अंधारातसुद्धा हाताला सापडलं पाहिजे. निघण्याआधी सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४०च्या वेगात ते दाबून बघा: मागून ठाम ओढ जाणवली पाहिजे, पण चाकं जाम होता कामा नयेत.

वेगमर्यादेची पाटी १००ची असली तरी तुम्ही ९०ला जा. सेल सोडलं की बेर्न्सडेलपर्यंत बराचसा मोकळा माळ आहे आणि आडवा वारा सुटला की तो थेट कॅरावॅनच्या लांब भिंतीवर आदळतो. लेक्स एन्ट्रन्सच्या अलीकडे कलिम्नाचा उतार लागतो. समोर समुद्र दिसतो म्हणून सगळे बघत राहतात. तुम्ही उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या आणि वेग कमी करा. उतारावर डुलायला लागलेली कॅरावॅन आवरणं फार अवघड असतं.

डीलर म्हणाला, “तुमची गाडी ३५०० किलो ओढते, काही काळजी नको.” कॅरावॅनच्या पाटीवर २९०० किलो आहे. मग आम्ही निर्धास्त ना? (पॉइंट कुक)

नाही. या ३५००च्या आकड्यावर विसंबून लोक फसतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण घेणाऱ्याने विश्वासानेच घेतलेलं असतं.

गाडीच्या पुस्तकात आणखी दोन आकडे असतात. एक जीव्हीएम, म्हणजे गाडी स्वतः माणसं-सामानासकट किती वजनाची होऊ शकते. दुसरा जीसीएम, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती. समजा, गाडी रिकामी २३०० किलोची, जीव्हीएम ३००० आणि जीसीएम ५८००. म्हणजे गाडीत ७०० किलोची मुभा. टो बॉलवर येणारा भार याच मुभेत धरतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २९००च्या कॅरावॅनचे २९० गेले, राहिले ४१०. पाच माणसं बसली की साधारण ३५० गेले. उरलेल्या ६० किलोंत बुलबार, छतावरचं कॅरियर, फ्रिज, आजीची बॅग आणि टो बार. बसवा बघू! आता जीसीएम बघा. बॉलवरचा भार धरून गाडी ३००० किलोपर्यंत भरली तर कॅरावॅनच्या चाकांसाठी उरतात २८००. तुमच्या कॅरावॅनच्या चाकांवर २६१० येतात, म्हणजे ती बसते; पण डीलरच्या ३५०० किलोंची असती तर चाकांवर ३१५० आले असते आणि तिथेच कायदा मोडला असता. काही अघटित घडलं तर विमा कंपनीसुद्धा पहिल्यांदा याच आकड्यांकडे बघते.

अंदाजावर राहू नका, वजनकाट्यावर चढवा. सार्वजनिक काटे मेलबर्नच्या आसपास आणि गावोगावी मिळतात. सुट्टीला जाताना भराल तितकं सगळं भरून, सगळी माणसं बसवून जा. आधी कॅरावॅन जोडलेली असताना फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या. हा आकडा जीव्हीएमच्या आत हवा. मग जोडलेल्या अवस्थेतच फक्त कॅरावॅनची चाकं घ्या. शेवटी गाडी सोडवून कॅरावॅन एकटी काट्यावर ठेवा. हा आकडा तिच्या पाटीवरच्या एटीएमच्या, म्हणजे भरलेली कॅरावॅन एकटी जास्तीत जास्त किती वजनाची होऊ शकते त्याच्या, आत हवा. एकटीच्या वजनातून जोडलेलीच्या चाकांवरचं वजन वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो. पहिले दोन आकडे मिळवले की जीसीएमचाही निकाल लागतो. कागद जपून ठेवा.

ब्रेकचंही वजनावरच ठरतं, पूर्ण भरलेला ट्रेलर जोडलेला असताना त्याच्या चाकांवर येणाऱ्या. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला सहसा ब्रेक लागत नाहीत, त्यापुढे २००० किलोपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत, आणि २०००च्या वर सगळ्या चाकांना. शिवाय २०००च्या वरचा ट्रेलर सुटून गेला तर त्याचे ब्रेक आपोआप लागतील अशी सोयही हवी. ती सोय छोट्या बॅटरीवर चालते आणि ती बॅटरी बऱ्याचदा मेलेली असते! जुनी कॅरावॅन घेतलीत तर त्या सोयीची पिन ओढून ब्रेक लागतात का ते बघा.

आई-बाबा पुण्याहून आलेत. बाबांना पाठीचा त्रास आहे. लांबच्या प्रवासात त्यांना कॅरावॅनमध्ये पलंगावर आडवं पडू दिलं तर चालेल का?

अजिबात नाही. चालत्या कॅरावॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, हा इथला कायदा आहे. आत पट्टा नाही, भिंती पातळ आहेत, आणि पुढे काही झालं तर तुमच्यापर्यंत हाकसुद्धा पोहोचणार नाही. दर दीड-दोन तासांनी थांबा, बाबांना पुढच्या सीटवर बसवा, पाठीमागे उशी द्या. सुट्टीच्या दिवसांत हायवेवर ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’चे थांबे असतात. तिथले स्वयंसेवक फुकट चहा-कॉफी देतात आणि प्रेमाने विचारपूस करतात. बाबांना तिथे बोलायलाही कुणीतरी मिळेल.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून पाच मीटरची ॲल्युमिनियमची बोट घेतली. हिवाळाभर अंगणात होती. पेन्सव्हिलला न्यायची आहे. ट्रेलरचं काही बघायला हवं का? (क्रॅनबर्न)

बोट नव्हे, ट्रेलरच बघा. बोट बुडाली तर लाइफ जॅकेट असतं, पण हायवेवर बोटीच्या ट्रेलरचं चाक निखळलं तर समोरून येणाऱ्याकडे काहीच नसतं.

चाक का निखळतं ते सांगते. दोन-अडीच तास पळून चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापलेला असतो. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पोहोचल्या पोहोचल्या तुम्ही तो गार, खाऱ्या पाण्यात बुडवता. आतली गरम हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. मग बोट घरी येते, महिनोन्‌महिने उभी राहते आणि आत बेअरिंग गंजत बसतं. आमच्याकडे असा हब उघडला की ग्रीस मधाच्या रंगाचं नसतं. ताकासारखं पांढुरकं आणि पातळ झालेलं असतं. बोटाने पुसलं तर खाली बेअरिंगच्या रोलरवर तपकिरी खड्डे दिसतात, नखाला लागतात. असं बेअरिंग गावात फिरताना निमूट चालतं. हायवेला तासाभरात तापतं, फुटतं आणि चाक हबसकट बाहेर येतं.

एका शनिवारी सकाळी ट्रेलर जॅकवर घ्या. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा, खटखट जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. मग चाक फिरवा आणि कान लावा. गुळगुळीत फिरलं पाहिजे. दळल्यासारखा, करकर आवाज आला तर त्याच दिवशी बेअरिंग आणि सील दोन्ही बदला. नुसतं वरून ग्रीस भरून गंज जात नाही. बेअरिंगचा एक जादा संच आणि ग्रीसचा डबा बोटीत ठेवून द्या. प्रवासात पहिल्या थांब्यावर हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा, “अजून थोडंच राहिलंय” म्हणून पुढे जाऊ नका. आणि पेन्सव्हिलला पोहोचलात की चहा घ्या, हब निवू द्या, दिव्यांचा प्लग काढून ठेवा, मगच ट्रेलर पाण्यात घाला.

बोटीच्या ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. १८१५ असं दिसलं तर तो टायर २०१५च्या अठराव्या आठवड्यातला आहे. नक्षी कोरी करकरीत असली तरी तो काढून टाका.

बोट बांधताना पुढच्या विंचच्या पट्ट्यावर भिस्त ठेवू नका, तो बोट वर ओढायला असतो. नाकाला वेगळी साखळी आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना आवळपट्टे हवेतच. बोटीत सुटं काही ठेवू नका. आइसबॉक्सचं झाकण आणि लाइफ जॅकेट हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर आलेली मी पाहिली आहेत.

मी साधी कार चालवतो. कॅरावॅनवाले सरळ रस्त्यावर ८०ने जातात आणि ओव्हरटेकिंग लेन आली की १००ला पळतात! तीन-तीन कॅरावॅन एकमेकींना चिकटून. आम्ही करायचं काय?

तुमचा राग रास्त आहे. कॅरावॅनवाल्यांनो, लेन रुंद झाली की मोकळं वाटतं आणि पाय नकळत दाबला जातो. तिथेच मुद्दाम वेग धरून ठेवा, मागच्यांना जाऊ द्या. रांग साचली तर बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा. आणि चिकटून जाणं तर नियमाविरुद्ध आहे: गावाबाहेरच्या एकेरी लेनच्या रस्त्यावर ७.५ मीटर किंवा त्याहून लांब वाहनाने तशाच दुसऱ्या लांब वाहनामागे निदान ६० मीटर अंतर ठेवायचं असतं. गाडी अधिक कॅरावॅन ही लांबी सहज ओलांडते. मधल्या जागेत ओव्हरटेक करणाऱ्याला शिरता यावं, एवढ्यासाठीच ते अंतर आहे.

तुम्हालाही एक विनंती. कॅरावॅनच्या पुढे गेलात की लगेच तिच्या नाकासमोर घुसू नका. तिला थांबायला तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागतं. तिला ओढणाऱ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट मागच्या आरशात दिसेपर्यंत ओव्हरटेकची लेन सोडू नका.

मुलाला नुकतं पी१ (नवशिक्यांचं पहिल्या टप्प्याचं) लायसन मिळालं. बाबांबरोबर आळीपाळीने बोट ओढू शकेल का?

व्हिक्टोरियात एल (शिकाऊ) आणि पी१वाल्यांना सहलीसाठी ट्रेलर ओढता येत नाही. पुढच्या टप्प्याचं पी२ मिळेपर्यंत थांबावं लागेल. तोवर त्याला बाहेरून जे करता येतं ते शिकवा. साखळ्या लावणं, दिवे तपासणं, आणि बाबा रॅम्पवर रिव्हर्स घेताना मागे उभं राहून हातवारे करणं. बाबांना आरशात मुलगा दिसत नसेल, तर गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. हा नियम दोघांनाही आत्ताच पाठ करून द्या.