तुकोबांचे ‘सुनें’

प्रश्न : वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तेथील कीर्तनात ‘भुंकुनियां सुनें लागे हस्तीपाठी’ हा तुकोबांचा चरण ऐकला. ‘सुनें’ म्हणजे कुत्रा, एवढे बुवांनी सांगितले. हा शब्द तेव्हा शिवीसारखा होता काय, आणि तसा असेल तर तो अभंगात कसा चालला? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ‘सुणें’ अथवा ‘सुनें’ हा शब्द संस्कृत ‘शुनक’पासून प्राकृतातील ‘सुणअ’ या रूपाने मराठीत उतरला. त्याच्या व्युत्पत्तीत अपमान नाही. कोकणीत तर ‘सुणें’ हा आजही कुत्र्यासाठी रोजचा, साधा शब्द आहे. तुच्छता येते ती नपुंसकलिंगामुळे आणि प्रसंगामुळे. चिडलेला माणूस ‘तो कुत्रा’ न म्हणता ‘ते कुत्रं’ म्हणतो, तोच हा प्रकार. आपण ऐकलेल्या चरणात हत्तीमागे भुंकत धावणारे सुनें पुढे ‘होऊनि हिंपुटी दुःख पावे’, म्हणजे हत्तीचे काहीही न बिघडता स्वतःच खट्टू होते. येथे ‘श्वान’ हा भारदस्त शब्द घातला असता, तर निंदकाला बसणारा फटका बोथट झाला असता, असे माझे मत आहे.

मात्र हेच तुकोबा देवापुढे ‘तुझे दारींचा कुतरा । नको मोकलूं दातारा’ म्हणून धरणे धरतात. निंदकाला लावलेली हीन उपमा येथे ते आपण होऊन स्वतःकडे घेतात, आणि तीच आता दारातून न हाकलण्याचा हक्क सांगते; धन्याच्या दारात पडून राहणे हा कुत्र्याचा अधिकारच नव्हे काय? खंडोबाचे वाघ्येही स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, आणि देवापुढे कुत्र्यासारखे भुंकण्याची चाल त्यांच्यात होती.

आपल्या खानदेशापुरते सांगायचे, तर असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी हा प्राणी तिसऱ्याच कामाला लावला. माणूस मतलबासाठी मान डोलावतो आणि कुत्रा इमानासाठी शेपूट हलवतो, अशा आशयाच्या त्यांच्या ओळी आपल्याला पाठ असतीलच. तेथे ‘सुनें’ नाही, साधा ‘कुत्रा’ आहे. बहिणाबाईंना हिणवायचे होते ते माणसाला.