प्रचारमंत्री की प्रबोधनमंत्री?

प्रश्न असा आला आहे. विदर्भातल्या वडशाकडच्या एका नाट्यमंडळासाठी हुकूमशहावरचं तीन अंकी नाटक लिहिणं चालू आहे. रेडिओ, वर्तमानपत्रं, चित्रं, नाटकं असं सगळं ताब्यात ठेवणारा एक मंत्री त्यात आहे. त्याला 'प्रचारमंत्री' म्हटलं की तालमीतच हशा पिकतो, कारण गावात प्रचार म्हणजे निवडणुकीतला ऑटोवरचा भोंगा. 'प्रोपगंडा' मागच्या रांगेला कळत नाही. 'अपप्रचार' लेखकालाच पटत नाही. मग मराठीत म्हणायचं काय? आणि नाझी जर्मनीतल्या अशाच आणखी काही शब्दांना काय म्हणायचं?

आधी उत्तर: त्याला 'प्रबोधनमंत्री' म्हणा. चुकून छापलं गेलेलं नाही हे, मुद्दामच सुचवतो आहे.

'अपप्रचार' नको वाटला ते योग्यच. अपप्रचार कुणाच्या तरी विरुद्ध होतो आणि तो खोटा असतो: अमक्याच्या दुकानातलं बियाणं बोगस आहे अशी खोटी आवई उठवली, तो अपप्रचार. प्रोपगंडा मात्र शंभर टक्के खऱ्या गोष्टींवरही चालतो. नवा रस्ता खरोखर झालेला असतो. तोच दिवसातून वीसदा दाखवला जातो आणि त्याच रस्त्यावरून रात्री कुणाला उचलून नेलं ते दाखवलं जात नाही. 'दुष्प्रचार' हिंदीतून आलाय, त्याचीही तीच अडचण. 'प्रसार' तर अजिबात नको. कपाशीवर बोंडअळीचा प्रसार होतो, प्रचार होत नाही; प्रचाराला करणारा लागतो.

उरला 'प्रचार'. हा मुळात बिचारा साधा शब्द. प्र अधिक चर्, म्हणजे फिरणं, चालणं, वापरात असणं. 'हा शब्द आता प्रचारात नाही' म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ डोकावतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या दुसऱ्या अधिकरणाचं नाव 'अध्यक्षप्रचार' आहे. तिथे खात्याखात्याच्या अध्यक्षांचं कामकाज आहे, भोंगा नाही. मत पटवत हिंडणं हा अर्थ अलीकडचा, आणि निवडणुकांनी तो इतका घट्ट बसवला की तुमच्या प्रेक्षकाला दुसरं काही आठवणारच नाही. लोक हसतात ते बरोबरच आहे. निवडणुकीतल्या प्रचाराला समोरच्या पक्षाचाही ऑटो असतो, आणि मतदानाच्या आधी तो थांबतो. हुकूमशहाकडे दुसरा ऑटो नसतो आणि भोंगा कधी थांबत नाही. हा फरक 'प्रचार' शब्दात मावत नाही.

खुद्द 'प्रोपगंडा'चं मूळ बागेत आहे, आणि आपल्या भागाला ते चटकन कळेल. लॅटिनमध्ये 'प्रोपागो' म्हणजे दाबकलम: फांदी न तोडता वाकवायची, मातीत दाबायची, मुळं फुटली की आईपासून कापायची. वरुड-मोर्शीकडे संत्र्याला जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात, ती पद्धत निराळी. पण दोन्हींचा हेतू एकच. बी लावली तर झाड आईसारखं निघेलच याची खात्री नसते, कलमाचं झाड हुबेहूब तेच असतं. 1622 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं, त्याच्या लॅटिन नावात हा शब्द आला आणि तिथून राजकारणात उतरला. पोर्तुगीजमध्ये आजही 'प्रोपगांडा' म्हणजे निव्वळ जाहिरात. इंग्रजीत त्याला खरी बदनामी चिकटली ती पहिल्या महायुद्धानंतर.

आता 'प्रबोधन' कुठून आलं? जर्मनीत 13 मार्च 1933 रोजी हिटलरच्या सरकारने गोबेल्ससाठी जे मंत्रालय काढलं, त्याचं पूर्ण नाव 'फोल्क्सआउफक्लेरुंग उंट प्रोपागांडा' यांचं मंत्रालय असं होतं. आपण बहुतेक वेळा शेपटीचा प्रोपागांडा तेवढा ओढतो. पण पहिला शब्द बघा. फोल्क म्हणजे लोक. आउफक्लेरुंग म्हणजे उजळणं, जागं करणं. युरोपातल्या अठराव्या शतकाच्या प्रबोधनयुगाला जर्मनमध्ये हाच शब्द आहे. म्हणजे पाटीवर अक्षरशः लिहिलं होतं: लोकप्रबोधन आणि प्रचार. इटलीत मुसोलिनीने 1937 मध्ये 'वृत्तपत्रे व प्रचार' हे नाव पुसून 'लोकसंस्कृती' मंत्रालय अशी पाटी लावली. काम तेच: छापायचं काय, मथळा केवढा, फोटो कुठला, याचे हुकूम पातळ कागदावर टाइप होऊन रोज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जायचे. त्या कागदावरूनच हुकमांना 'वेलिने' हे नाव पडलं.

अशी सत्ता शब्द नवे घडवत बसत नाही, लोकांच्या तोंडी आधीच गोड झालेले उचलते. आपल्याकडे याचा नमुना पवनारला घडला. आणीबाणीत, विनोबा वर्षभराच्या मौनात असताना, त्यांच्याकडून आलेले 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने उचलले आणि आणीबाणीला आशीर्वाद म्हणून फलकांवर रंगवले. महाभारतातलं तेरावं पर्व ते. शरपंजरी भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात. संस्कृतात अनुशासन म्हणजे शिकवण. पतंजलीचं महाभाष्य 'अथ शब्दानुशासनम्' असं सुरू होतं, आणि व्याकरण काही कुणाला तुरुंगात टाकत नाही. मौन सुटल्यावर विनोबांनी फोड केली की शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. तोवर फलक रंगून वाळले होते.

म्हणून 'प्रबोधन'. गाडगेबाबांचं कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखाच्या कानात आहे, तिथे हा शब्द खलनायकाच्या तोंडी आला की हसू येणार नाही, खटकेल. आणि खटकलंच पाहिजे. मात्र एक पथ्य: नुसतं पद देऊन सोडलंत तर प्रबोधन हीच शिवी होऊन बसेल. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर काढून घ्यायचे. मंत्र्याच्या प्रबोधनात ती जागाच नाही. हे भाषणात सांगू नका, एका सवालात दाखवा. मंत्री म्हणतो, "आम्ही प्रचार करत नाही, प्रबोधन करतो." म्हातारा उठतो: "मंग एक इचारू का जी?" आणि माइक बंद होतो. एवढं पुरे.

बाकीच्या शब्दांबद्दलही तुम्ही विचारलंय, ते भराभर.

'ग्लाइखशाल्टुंग' म्हणजे नाझींनी 1933 पासून सगळ्या संस्था एका सुरात आणणं. पुस्तकी मराठीत 'समन्वय' दिसतो. तो फारच सभ्य आहे. मूळ शब्द विजेच्या कामातला, सगळं एकाच स्विचवर घेणं. तुमचं पात्र सरळ म्हणू दे: "सगळ्यांची लाइन एकाच डीपीवर घ्या." डीपी म्हणजे गावाला वीज वाटणारी पेटी; तिचा फ्यूज कुणाच्या हातात, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

'राइख कल्चर चेंबर' या नाझींच्या सरकारी संस्थेला 'कलामंडळ' म्हणू नका, ते तुमच्या गावातही असेल. सप्टेंबर 1933 मध्ये निघालेल्या या संस्थेत साहित्य, वृत्तपत्र, रेडिओ, नाटक, संगीत, चित्र-शिल्प आणि सिनेमा असे सात विभाग होते, आणि सभासदत्वाशिवाय त्या धंद्यात पोट भरता येत नव्हतं. ज्यू कलावंतांना यातूनच बाहेर काढलं. 'कलापरवाना' हा शब्द चालेल. रंगमंचावर ऑर्गनवाल्याचं आणि तबलजीचं कार्ड तपासलं जातंय, एवढा प्रसंग पुरतो.

'एंटआर्टेट' कला: 19 जुलै 1937 ला म्युनिकमध्ये म्युझियमांतून जप्त केलेली सुमारे साडेसहाशे चित्रं-शिल्पं हिणवायला मांडली, तिथला हा शब्द. 'विकृत कला' किंवा 'अधःपतित कला' असं भाषांतर होतं. पण जर्मन 'आर्ट'चा इंग्रजी आर्टशी संबंध नाही. त्याचा अर्थ जात, प्रकार. एंटआर्टेट म्हणजे वाण बिघडलेलं. 'बिघडल्या वाणाची कला' म्हणा. त्यातला वंशाचा दर्प 'विकृत'मध्ये येत नाही.

'फोल्क्सएम्फेंगर', सरकारी स्वस्त रेडिओ. 'लोकग्राही' वगैरे नको. मराठीत स्वस्त आणि सर्वांसाठी म्हणजे 'जनता': जनता साडी, जनता स्टोव्ह, तसा 'जनता रेडिओ'. 1933 चं मॉडेल 301 क्रमांकाचं, 30 जानेवारी या हिटलरच्या सत्ताग्रहणाच्या तारखेवरून. किंमत 76 मार्क. 1938 चा छोटा संच 35 मार्कांचा, लोक त्याला 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे. यावर परकी केंद्रं लागतच नसत असं लिहिलेलं आढळतं, ते खरं नाही. संच साधा होता, पण रात्री बरी अँटेना असली की लागायची. म्हणून तर 1 सप्टेंबर 1939 पासून ती ऐकणं गुन्हा ठरवावं लागलं आणि बटणाला तशी ताकीद देणारी चिठ्ठी अडकवली गेली. नेपथ्यात ती चिठ्ठी विसरू नका.

विशेषण हवं असेल तिथे 'प्रचारकी' वापरा, मराठी समीक्षेत ते मुरलेलं आहे. गावगप्पांत 'डंका पिटणे' आणि 'री ओढणे' आहेतच. डंका पिटतो तो मंत्री, री ओढतात ते बाकीचे. दोन्हींची अदलाबदल करू नका. 'दवंडी' मात्र वेगळी ठेवा. कोतवालाची दवंडी फक्त कळवते, पटवायला जात नाही.

आणि पोस्टरवर 'प्रबोधनमंत्री' हे नाव मोठ्या अक्षरात घेऊ नका. कीर्तन समजून लोक पोराबाळांसह लवकर येतील आणि पहिल्या अंकालाच तुमच्याशी भांडतील.