पाखरांची विचारपूस: सेशेल्सचा वटवट्या

प्रश्न : ताई, माझ्याकडच्या जुन्या पक्षीकोशात सेशेल्स बेटांवरच्या वटवट्याचं नाव ‘बेब्रॉर्निस’ आहे आणि तो ‘असुरक्षित’ म्हटला आहे. मुलीच्या नव्या पुस्तकात तोच पक्षी ‘अ‍ॅक्रोसेफॅलस’ आणि ‘संकटसमीप’! खरं काय धरायचं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भाऊ, नवं पुस्तक धरा. पण हे दोन बदल एकमेकांमुळे झालेले नाहीत. शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा, तो नातं सांगतो. ‘संकटसमीप’ हा शेरा जीवाला धोका किती ते सांगतो, आणि तो ‘असुरक्षित’पेक्षा एक पायरी कमी धोक्याचा.

नात्याचं आधी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ओस्ताले यांनी 1877 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. पुढे त्याला आणि रॉड्रिग्ज बेटावरच्या वटवट्याला मिळून ‘बेब्रॉर्निस’ अशी वेगळी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) दिली गेली. डीएनए तपासल्यावर दोघंही बोरू वटवट्यांच्या ‘अ‍ॅक्रोसेफॅलस’मधलेच निघाले. हिवाळ्यात अंबाझरीच्या झुडपांत ‘चक् चक्’ करत, अंग न दाखवता फिरणारा मातकट पाहुणा याच प्रजातीतला. आपला पाहुणा हजारो किलोमीटर उडून येतो, सेशेल्सवाला मात्र बेट सोडत नाही. पानाखाली लोंबकळून किडे टिपतो आणि घरट्यात बहुधा एकच अंडं घालतो.

आता धोक्याचं, आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दल. नारळाच्या बागांसाठी जंगल तुटलं, माणसांबरोबर उंदीर-मांजरी आल्या. 1960 च्या दशकात जगभरात तीसहून कमी पक्षी उरले, तेही एकट्या कझिन बेटावर. हे बेट तीस हेक्टरसुद्धा नाही! 1968 मध्ये पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते विकतच घेतलं, नारळ हटवून मूळचं पिसोनियाच्या झाडांचं रान वाढू दिलं. रान भरलं तशी पाखरंही वाढली. मग 1988 मध्ये 29 पक्षी आरीद बेटावर नेले, 1990 मध्ये कझीन नावाच्या दुसऱ्याच बेटावर, 2004 मध्ये डेनिसवर, 2011 मध्ये फ्रेगेटवर. म्हणून 2015 मध्ये त्याचा शेरा ‘असुरक्षित’वरून ‘संकटसमीप’ झाला.

मुलीला एवढं जरूर सांगा, की ही बढती पाखराने आपसूक मिळवलेली नाही. त्यामागे माणसांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. आणि ‘संकटसमीप’ म्हणजे सुखरूप नव्हे. सगळा पसारा पाच चिमुकल्या बेटांवर आहे. एखाद्या होडीतून उंदीर उतरले तर एक अख्खं बेट हातचं जाऊ शकतं, त्यामुळे तिथला पहारा उठवून चालणार नाही.