परदेशी पार्सल : ड्युटी किती, कुरिअरचं किती?

प्रश्न : जपानमधून ८,००० रुपयांचं शाईचं पेन मागवलं, पाठवणीचे २,६०० रुपये वेगळे भरले. पार्सल सहारच्या कुरिअर टर्मिनलला पोहोचलं आणि कुरिअरवाले म्हणतात, ४,८५० रुपये ड्युटी भरा. एवढी असते?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नसते. ४,८५० मध्ये सरकारचं किती आणि कुरिअर कंपनीचं किती, हे आधी वेगळं करून मागा. त्यासाठी मागायचा कागद म्हणजे 'बिल ऑफ एंट्री'ची (मालाचं मूल्य आणि लागलेलं शुल्क दाखवणाऱ्या कस्टम्सच्या आयात-कागदाची) प्रत. कंपनीचं इन्व्हॉइस तेवढं पुरेसं नाही.

हिशोब असा चालतो. वस्तूची किंमत, हवाई भाडं आणि विमा मिळून करयोग्य मूल्य ठरतं. भाडं कितीही भरलेलं असो, विमानाने आलेल्या मालाला ते वस्तूच्या मूल्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ मधला नियम १० तसं सांगतो. म्हणजे तुमच्या २,६०० पैकी फक्त १,६०० धरायचे. विम्याचा आकडा कळत नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ९० रुपये. मूल्य झालं ९,६९०.

आता मूळ सीमाशुल्क १० टक्के धरू. (वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचा दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात झाली. तुमच्या पार्सलला कोणता दर लागला, ते बिल ऑफ एंट्रीत दिसेल.) त्याचे ९६९. या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार धरला तर ९७. मूल्य, शुल्क आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के धरला तर १,९३६. एकूण साधारण ३,००२ रुपये. करावर कर बसतो तो इथे, आणि गणित चुकल्यासारखं वाटतं तेही इथेच.

राहिलेले १,८४८ रुपये कुरिअरचे : तुमच्या वतीने ड्युटी आगाऊ भरल्याचं शुल्क, क्लिअरन्सचं शुल्क आणि त्यावर पुन्हा जीएसटी. हे दर कंपनीगणिक बदलतात आणि कस्टम्सचा त्यांच्याशी संबंध नाही. भाडं पूर्ण २,६०० धरलेलं आढळलं, तर ३१० रुपये जास्त गेले असं समजा. ३१० रुपयांसाठी अर्जफाटे करायचे की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. मोठी रक्कम असेल तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं.

आणखी एक : रुपयांतला आकडा कस्टम्सच्या विनिमय दराने येतो, तुमच्या कार्डाच्या दराने नव्हे. थोडा फरक दिसला तर घाबरू नका.

प्रश्न : हेडफोनची एक बाजू वाजतच नाही. विक्रेता पैसे परत देतोय. ड्युटी परत मिळेल?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मिळते, पण घाई करावी लागते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६अ नुसार सदोष माल सोडवल्याच्या आदेशापासून ३० दिवसांत परत निर्यात करायचा, किंवा कस्टम्सकडे सोडून द्यायचा, किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट करायचा. दोष तपासण्यापुरता वापर चालतो, त्यापुढे नाही. परताव्याचा अर्ज सहा महिन्यांत करायचा.

बहुतेकांचं इथेच चुकतं : जवळच्या टपाल कार्यालयातून साध्या पार्सलने वस्तू परत धाडतात. मग आलेली वस्तू आणि गेलेली वस्तू एकच, हे कस्टम्सच्या कागदावर कुठेच नसतं आणि दावा बुडतो. परत पाठवताना मूळ बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक निर्यातीच्या कागदावर टाकून घ्या, अनुक्रमांकाचा फोटोही ठेवा. वस्तू चांगली आहे पण नको झाली, तर कलम ७४ आहे : न वापरलेली वस्तू दोन वर्षांत निर्यात केली तर ९८ टक्के ड्युटी परत. हजाराच्या आत ड्युटी असेल तर विक्रेत्याकडेच ती रक्कम मागून बघा, खेटे वाचतील.

प्रश्न : अमेरिकेतली बहीण बुटांच्या खोक्यावर 'गिफ्ट' लिहून पाठवते म्हणते. ड्युटी वाचेल ना?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : बहिणीला आताच कळवा, लिहू नकोस. भेटवस्तूंवरची ५,००० रुपयांपर्यंतची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, आणि टपाल-कुरिअरने येणारी भेटवस्तू आता पूर्ण ड्युटी भरूनच आणता येते. अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची मिठाई किंवा घड्याळ त्यात बसत नाही.

प्रश्न : टपालाने आलेलं पार्सल तीन आठवडे 'कस्टम्सकडे' एवढंच दिसतंय. काय करू?
– एक वाचक, परळ

उत्तर : बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टमधून (परदेशी टपाल कार्यालयातून) इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा मागणारं पत्र घरी आलंय का, ते आधी बघा. सोसायटीच्या पेटीत पडून राहिलेलं पत्र हे नेहमीचं कारण. ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि त्या व्यवहाराची ओळ दिसणारं कार्डाचं स्टेटमेंट, दोन्ही पाठवा. नुसता स्क्रीनशॉट बऱ्याचदा परत येतो. उत्तरच गेलं नाही तर पार्सल पाठवणाऱ्याकडे रवाना होतं. मधल्या काळात 'पार्सल अडकलंय, या यूपीआयवर भरा' असा निरोप आला तर भरू नका. टपालाची ड्युटी पार्सल हातात घेताना डाक खात्यालाच द्यायची असते.