माळ्यावरचा तानपुरा आणि बाल्कनीतला मायाळू

संक्रांत झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडी ओसरू लागते, झाडांच्या छाटणीची आठवण होते आणि पाडव्याच्या आत घर आवरून टाकावं असं प्रत्येकाच्याच मनात येतं. या महिन्यात पाच पत्रं घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण तशा मजकुराची पत्रं वर्षभर येतात.

प्रश्न : मिरजेतला जुना वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची पितळी भांडी, जुने दिवाळी अंक, लुगड्यांची ट्रंक आणि खोळीत बांधलेला तानपुरा, सगळं माळ्यावर आणि पश्चिमेच्या बाल्कनीत कोंबलंय. मला त्या बाल्कनीत भाजी लावायची आहे. पण काही काढायला घेतलं की यजमान गप्प होतात, मग मीही हात आवरते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : तानपुऱ्यापासून करा. बाकीचं सामान आणखी वर्षभर थांबेल, तानपुरा थांबणार नाही. त्याचा भोपळा म्हणजे वाळवलेलं फळच. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे हे मोठे भोपळे तुमच्याच गावातल्या सतारमेकर गल्लीत येतात आणि तिथे त्यांची वाद्यं होतात. स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात उष्णता कोंडते, पावसाळ्यात ओल धरते. सांधे सुटतात, भोपळ्याला कीड लागते, आणि शेजारची एखादी जड पिशवी कलंडली तर तडा जातो. आधी तारा सैल करा, वाद्य कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि गल्लीतल्या कारागिराकडे न्या. तारा बदलून, जवारी काढून (म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून) ते पुन्हा बोलायला लागेल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लांबलांबचे गवई जिथे वाद्य घेऊन येतात, ते ठिकाण तुमच्या दारात आहे.

तानपुरा दुरुस्त झाला की मगच त्याचं पुढे काय ते ठरवा. नात शिकणार असेल तर तो दिवाणखान्यात राहू दे, कोपऱ्यात, उन्हापासून लांब. घरात कुणीच गाणारं नसेल, तर गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला वापरायला द्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी मैफली होतात, त्या गावात अशी मुलगी शोधायला फार फिरावं लागणार नाही. नवा तानपुरा परवडत नाही म्हणून मोबाइलवरच्या सुरावर रियाज करणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी ही केवढी गोष्ट आहे!

आता यजमानांच्या गप्प होण्याबद्दल. ‘हे काढून टाकू का?’ असं विचारलं की त्यांना आईची वस्तू कचऱ्यात जाताना दिसते. त्याऐवजी ‘हे कुणाला द्यावं?’ असं विचारून बघा. माणूस विचार करायला लागतो, नावं सुचवतो. मावसभावाला पितळी पातेलं हवं होतं, शेजारच्या काकूंना सूप हवं होतं, असं एकेक आठवतं. मी स्वतः हाच नेम पाळते. वस्तूला जायचं ठिकाण सापडेपर्यंत ती माळ्यावरून उतरवायची नाही, आणि ठिकाण सापडलं की त्याच आठवड्यात पोचवायची. ‘देण्याच्या वस्तू’ म्हणून वेगळा कोपरा करू नका. बाल्कनी अशाच कोपऱ्यांनी भरते. शनिवारी अर्धा तास, एकच ट्रंक किंवा एकच फळी, एवढं पुरे. सुट्टीच्या दिवशी अख्खं घर उपसून बसण्याला माझा सक्त विरोध आहे. संध्याकाळपर्यंत दमून सगळे चिडतात आणि निम्मं सामान होतं तिथेच परत जातं.

दिवाळी अंकांविषयी जरा जास्त लिहिते, कारण शाळेच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी गेली. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि जुन्या अंकांतला कितीतरी मजकूर पुस्तकांत कधी आलाच नाही. म्हणून ते रद्दीत घालू नका. आधी रबरबँड आणि गंजलेल्या पिना काढा. अंक सावलीत, वाऱ्यावर पसरा. कडक उन्हात ठेवले तर कागद पिवळा पडून तुटायला लागतो. पानं झटकून कसर आहे का बघा. मग साल आणि नाव लिहून यादी करा आणि ती यादी घेऊन वाचनालयात जा. अंकांचं पोतं थेट दारात नेऊन टाकू नका. ग्रंथपालाला त्यातले नेमके कोणते अंक हवेत ते यादीवरून कळतं. 2019 च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. तिथे जरूर विचारा. जे कुणालाच नको असतील, त्यांतले तुमच्या सासूबाईंनी खुणा केलेले चार-दोन ठेवा.

भांड्यांवर बहुधा नावं कोरलेली असतील : कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठल्या साली. भांडं बाहेर जाण्याआधी ती नावं वहीत उतरवून घ्या आणि हे काम यजमानांकडेच द्या. तुमच्या घराण्याची अर्धी नातीगोती त्या पितळेवर सापडतील. रोज वापराल अशी दोन-तीन भांडी ठेवा आणि त्यांना कल्हई करून घ्या. बिनकल्हईच्या पितळेत आमटी, ताक, चिंचेचं काही ठेवू नये. उरलेली भांडी नातेवाइकांना द्या, नाहीतर सरळ मोडीत घाला. मोडीत घालण्यात अपमान काही नाही. पितळ वितळून पुन्हा भांडंच होतं.

लुगडी सुती असतील तर गोधडीसारखा दुसरा उपयोग नाही. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. ते एकावर एक घातले की एका लुगड्यात लहान मुलाची गोधडी होते. काठ बाहेरच्या बाजूला येऊ द्या. रेशमी असतील तर सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घड्या बदला आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

आणि बाल्कनी. पश्चिमेचं ऊन, त्यात मिरजेचा उन्हाळा, म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या मागे आत्ता लागू नका. मायाळू लावा. मंडईतून जुडी आणली की जाड काड्या बाजूला काढा, खालची पानं खुडा आणि ओल्या मातीत खोचा. मुळं फुटतातच. बारा इंची कुंडी, चढायला सुतळी, एवढंच त्याला लागतं. एप्रिल-मेमध्ये बाकीच्या भाज्या मान टाकतात तेव्हा मायाळू तरारतो. भजी करा, डाळ घालून पातळ भाजी करा. जोडीला कढीपत्ता आणि गोकर्ण लावा. दुपारी दोननंतर गोणपाटाचा आडोसा करा. सगळी बाल्कनी रिकामी व्हायची वाट बघू नका. आधी एका कुंडीपुरती जागा करा आणि याच आठवड्यात मायाळू लावा. वेल वर चढायला लागला की यजमान स्वतःहून पुढची ट्रंक सरकवतील, असं मला वाटतं.

प्रश्न : मोगऱ्याला पानं भरपूर, फूल एकही नाही. खत घालतोय, पाणी घालतोय.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : पाणी आणि खत दोन्ही थोडे दिवस थांबवा. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर झाड नुसतं हिरवं राहतं. जानेवारी संपता संपता आठवडाभर पाणी तोडा, मग फांद्या निम्म्याने छाटा आणि उरलेली पानं खुडून टाका. वरची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने उकरून काढा, तिथे कुजलेलं शेणखत भरा आणि पाणी सुरू करा. युरियासारखं नत्राचं खत घालत असाल तर ते बंद, पानांचा सोस त्यानेच वाढतो. कुंडीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तेवढं मिळत नसेल तर बाकीचे उपाय वाया जातील. फुलं संपली की दर वेळी त्या फांदीचा शेंडा खुडत राहा.

प्रश्न : माझं वय 67. विणकाम, क्रोशे, भरतकाम, सगळ्याची आवड. दोन कपाटं लोकर, दोरे, सुया यांनी भरली आहेत. मुलगा म्हणतो, निम्मं देऊन टाक. त्याचं चुकत नाही, पण मला वाईट वाटतं.
– एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : वाईट वाटणारच. ती लोकर विकत घेताना तुम्ही ज्याच्यासाठी काही विणायचं ठरवलं होतं, तो माणूस त्या गुंड्याबरोबर मनात असतो. ज्या सामानाला तुमचा हात रोज लागतो ते अडगळ नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा.

पण कपाटाची मांडणी बदलून बघा. लोकर एकीकडे, दोरे दुसरीकडे, सुया तिसरीकडे असं लावलं की नुसता साठा दिसतो. त्याऐवजी एका पिशवीत एक काम ठेवा : लोकर, सुया, नमुन्याचा कागद आणि चिठ्ठीवर नाव, ‘धाकट्या नातवाचं जॅकेट’. अशा पिशव्या भरून झाल्या की ज्या लोकरीला नाव मिळालं नाही, ती आपोआप वेगळी पडते. द्यायची ती हीच. विणकाम शिकवणाऱ्या बाई, बालवाडी, शेजारची शिकाऊ सून, कुणीही आनंदाने घेईल. तुकडे उरले असतील तर चौकोन विणून जोडा, पांघरूण होतं.

अर्धवट राहिलेल्या स्वेटरांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्या मुलासाठी सुरू केला तो आता कॉलेजात असेल तर स्वेटर उसवा. लोकर लडीसारखी गुंडाळून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगा. कुरळेपणा बराचसा जातो आणि लोकर नव्या कामाला मोकळी होते. खरी लोकर असेल तर कसरीपासून जपा. ॲक्रिलिक असेल, आणि दुकानात मिळणारी पुष्कळशी तीच असते, तर कसर तिच्या वाटेला जात नाही.

प्रश्न : बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करतो. वास येतो, अळ्याही झाल्या. शेजारी तक्रार करतायत. बंद करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बंद करू नका. वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. आज सगळं खालीवर करा आणि जितका ओला कचरा आहे तितकाच सुका पाला किंवा कोकोपीट मिसळा. मूठभर हातात घेऊन दाबा. पाणी ठिबकलं तर आणखी सुकं घाला. पुढे दर वेळी ओल्या कचऱ्यावर सुक्याचा थर द्यायचा, साली उघड्या दिसता कामा नयेत. आमटी, ताक, तेलकट उरलंसुरलं त्यात जाऊ देऊ नका. मळकट करड्या, जाडसर अळ्या बहुतेक करून काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या झाडाला किंवा माणसाला काही करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. पण शेजाऱ्यांना त्या बघवत नाहीत हेही खरं, तेव्हा पेटीच्या भोकांना जाळी लावा. दीड-दोन महिन्यांनी खत तयार झालं की पहिली पिशवी त्याच शेजाऱ्यांच्या तुळशीला द्या.

प्रश्न : पणजोबांची लोखंडी ट्रंक सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तिच्यात माती भरून पालक लावायचा विचार आहे. आत कागदांची बंडलं आहेत, अक्षर मोडीसारखं दिसतं, आम्हाला कुणाला वाचता येत नाही. रद्दीत दिले तर चालतील ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुळीच चालणार नाहीत. कृपा करून घाई करू नका. त्यात जमिनीचे व्यवहार असतील, देणंघेणं असेल, किंवा नुसती घरातली पत्रंही असतील. वाचल्याशिवाय कळणार नाही. मोडीत सरकारी आणि खाजगी व्यवहार विसाव्या शतकात बरीच वर्षं चालू होते, आणि आज ती वाचणारी माणसं मोजकी आहेत. पुण्यात 1910 मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच घराघरांतल्या कागदांवर उभं राहिलं. आधी प्रत्येक कागदाचे मोबाइलवर नीट फोटो काढा, घडी जिथे कडक झाली असेल तिथे जबरदस्तीने उलगडू नका. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. फोटो घेऊन मोडी जाणणाऱ्याकडे जा. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी भरतात, तुमच्या घरातल्या कुणी तरुणाने शिकायचं मनावर घेतलं तर त्याहून चांगलं.

ट्रंकेत पालक लावू नका. पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि फूटभर खोल ट्रंकेत शंभर लिटरच्या वर माती मावते. ओली झाली की तिचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, आणि तेही बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या एकाच कोपऱ्यावर. शिवाय तुमच्याकडच्या मे महिन्यात लोखंड इतकं तापतं की मुळं शिजतील. पालकाला सहा-आठ इंच खोलीचा प्लॅस्टिकचा ट्रे किंवा बाजारातला फळांचा क्रेट पुरतो. आत गोणपाट अंथरा आणि अर्धी माती, अर्धं कोकोपीट-खत भरा. पेरणी मात्र थंडी आहे तोवर, म्हणजे लगेच करा. ट्रंक आतून पुसून, उन्हात वाळवून घ्या, तळाला सुती कापड अंथरा आणि ते कागद तिच्यातच ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीपासून लांब. मोडी वाचणारं कुणी भेटलं आणि त्या कागदांत काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा.