मर्ज वापरूनही नोंद दुबार का होते?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची सभासद-नोंदणी निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये आहे. नवा सभासद घालताना आम्ही नेहमी ‘मर्ज’ ही आज्ञाच वापरतो, तरीही ‘पु-४१७’ या एकाच क्रमांकाचे दोन नोड (म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी) सापडले. असे कसे झाले?

उत्तर : ‘मर्ज’ आधी शोधते आणि न सापडल्यास नोड तयार करते, या दोहोंच्या मधल्या क्षणात दुसरा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकसंध पार पडणारे नोंदकाम) शिरू शकतो. काउंटरवरून आणि संकेतस्थळावरून ‘पु-४१७’ची नोंद एकाच वेळी सुरू झाली, तर कमिट न झालेला, म्हणजे अजून पक्का न झालेला नोड समोरच्या व्यवहाराला दिसत नाही आणि दोघेही आपापला नोड तयार करून मोकळे होतात. एकट्याने चाचणी घेताना हा दोष सहसा उघडा पडत नाही, म्हणून तो इतका चिवट.

यावर उपाय म्हणजे सभासद क्रमांकावर ‘इज युनिक’ हे कन्स्ट्रेंट, म्हणजे एक क्रमांक एकाच नोडला असावा हे बंधन, लावणे. ते लावल्यावर ‘मर्ज’ त्या मूल्यासाठी इंडेक्सवर (शोधसूचीवर) लॉक घेते, त्यामुळे दुसरा व्यवहार थांबतो आणि मग पहिल्याने केलेलाच नोड त्याला मिळतो. मात्र दुबार नोंदी शिल्लक असतील, तर कन्स्ट्रेंट तयारच होत नाही. त्या आधी निस्तराव्या लागतील, आणि तेव्हा जादा नोड सरसकट उडवू नका. त्याला जोडलेली पुस्तकांची देवघेव राखायच्या नोडकडे आधी वळवून घ्या.

‘मर्ज’च्या महिरपी कंसात फक्त क्रमांक ठेवा. तिथे नावही घातले आणि एकाने ‘सुनीता’, दुसऱ्याने ‘सुनिता’ लिहिले, तर जुना नोड जुळत नाही, नवा करण्याचा प्रयत्न होतो आणि कन्स्ट्रेंट भंगाची त्रुटी येते. नाव, पत्ता वगैरे ‘ऑन क्रिएट सेट’मध्ये, म्हणजे नोड नव्याने तयार झाला तरच लागू होणाऱ्या भागात द्यावे.

आपल्याकडची खास अडचण अंकांची आहे. डेटाबेसच्या लेखी देवनागरी अंकांतले ‘४१७’ आणि इंग्रजी अंकांतले ‘417’ ही दोन वेगळी अक्षरमूल्ये आहेत. साठवण्यापूर्वी प्रोग्रॅममध्येच एक लिपी ठरवून घ्यावी, शेवटची मोकळी जागाही छाटावी. शिवाय ज्या नोडला क्रमांकच नाही, त्याला हे कन्स्ट्रेंट अडवत नाही. क्रमांक सक्तीचा करणारे ‘नोड की’ कन्स्ट्रेंट एंटरप्राइझ आवृत्तीतच मिळते. कम्युनिटी आवृत्ती वापरत असाल, तर रिकामा क्रमांक फॉर्मवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे नाकारा.